शिंपडलेलं वेचणारी

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज कार्यालयात माझी चांगलीच शोभा झाली. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती चालू आहे आणि माझ्या वाट्याला 'पी' अक्षराचा गठ्ठा आला आहे. आमच्याकडची पद्धत अशी, की स्वतःची व्याख्या कुणी स्वतः पास करायची नाही. चहाच्या वेळी कार्डावरच्या शब्दावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची आणि खालची व्याख्या मोठ्याने वाचायची. ऐकणाऱ्या तिघांना झाकलेली वस्तू किंवा माणूस कळला तर कार्ड पुढे जातं, नाहीतर परत. शब्दच आला पाहिजे असं नाही, पण माणूस कळला पाहिजे.

मी वाचलं, 'सूक्ष्मदर्शकातून परागकण पाहून त्यांचा अभ्यास करणारा.' टंकलेखिका म्हणाली, मधमाश्या पाळणारा. हिशेबनीस म्हणाले, शिंकांचा डॉक्टर. तिसरा आमचा बाइंडर. तो म्हणाला, रिकामटेकडा. सगळे पोट धरून हसले, मीही हसले, पण मला ते लागलं.

झाकलेला शब्द होता 'पॅलिनॉलॉजिस्ट'. जुन्या आवृत्तीत काय आहे म्हणून पाहिलं, तर पॅलिनॉलॉजिस्ट म्हणजे पॅलिनॉलॉजीचा अभ्यासक, आणि पॅलिनॉलॉजी म्हणजे पॅलिनॉलॉजिस्ट ज्याचा अभ्यास करतो ते शास्त्र. कोशवाल्यांशिवाय असली चूक कुणाच्या बापाला जमणार नाही. वाचक बिचारा दोन कार्डांमध्ये जन्मभर फेऱ्या मारत राहायचा.

आमच्या संपादकांना आम्ही पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणतो, कारण ते बोलून झाले की विषय संपतो. त्यांनी विचारलं, असा एखादा माणूस तुम्ही कधी प्रत्यक्ष पाहिलाय का? माझी जीभ नको तेव्हा चालते. मी म्हणाले, पाहिलाय म्हणजे काय, आमच्या घरातलाच आहे. "मग जाऊन काम बघून या," पूर्णविराम म्हणाले. विषय संपला.

आता माझी पंचाईत अशी की हा घरातला माणूस म्हणजे वन्सं. ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, संशोधन संस्थेत एका तळ्याच्या गाळापुढे जन्म काढला, आणि आमच्या लग्नापासून मला कायम 'कोशवाली' म्हणत आल्या. परवाच्या रविवारी बाजारात अगदी समोरून आल्या. मी हसले, हात वर केला, आणि बाई सरळ माझ्या अंगावरून पुढे निघून गेल्या. एवढा तोरा! मी ह्यांना घरी येऊन सांगितलं, तर हे म्हणाले, तिच्या डोक्यात काहीतरी चाललं असेल. बहिणीचं नाव निघालं की ह्यांना तिच्या डोक्यात नेहमीच काहीतरी चाललेलं असतं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

गेले शेवटी. आमचं काम अर्धा दिवसाचं असतं, दुपारी मोकळीच होते.

वन्संची खोली संस्थेच्या मागच्या बाजूला, उत्तरेच्या खिडकीची आहे. भिंतीला लागून लांब नळ्या आडव्या रचलेल्या, प्रत्येकीत तळ्याच्या तळातून उपसून काढलेला गाळ. एका कपाटात काचपट्ट्यांचे ट्रे. टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि त्याच्या शेजारी बसवाहकाच्या चिमट्यासारखं टकटक वाजून आकडा वाढवणारं यंत्र. आम्लाचा एक आंबूस वास, पण खोली लख्ख.

मी दारात उभी राहिले. वन्संनी मान वर करून विचारलं, कोण? मी म्हणाले, मी. "अगं, कोशवाली होय!" म्हणजे आवाज ऐकल्यावर ओळखलं, तोंड बघून नाही. इतकी वर्षं झाली तरी माझं तोंड लक्षात ठेवण्यासारखं त्यांना वाटत नसावं. मी गिळलं.

पण एक सांगितलं पाहिजे. माझं काम ऐकल्यावर त्या हसल्या नाहीत. 'रिकामटेकडा'वर मात्र खूप हसल्या. मग सगळं नीट सांगितलं. फुलांचे पराग वाऱ्याने उडतात, पाण्याने वाहतात, तळ्यात पडतात आणि गाळाबरोबर तळाशी बसतात. वर्षावर वर्ष थर चढतो. परागाचं कवच इतकं चिवट असतं की आम्लातही विरघळत नाही. गाळ आम्लात शिजवला की माती जाते आणि हजारो वर्षांपूर्वीचे पराग जसेच्या तसे उरतात. एकेका थरातले तीनशे कण ओळखून मोजायचे. त्यावरून तेव्हा तळ्याकाठी काय उगवत होतं ते सांगता येतं, आणि माणसाने पहिल्यांदा धान्य कधी पेरलं तेही.

त्यांचं तळं जवळजवळ पूर्ण झालं आहे. फक्त तळाच्या नळीतले शेवटचे थर मोजायचे राहिलेत. मार्चअखेर त्या निवृत्त होतात. मदतनीस होती, ती बरी नोकरी मिळाली म्हणून गेली. एप्रिलमध्ये ही खोली दुसऱ्या विभागाला जाणार आणि नळ्या शीतकोठारात. "तिथून परत बाहेर आलेलं मी अजून काही पाहिलेलं नाही," वन्सं म्हणाल्या. जन्मभराचं काम, आणि शेवटाशिवाय. मला त्यांच्याबद्दल प्रथमच वाईट वाटलं.

मग त्यांनीच सुचवलं. तू रोज दुपारी ये, भिंगातून बघ, तुला काय दिसतं ते मला सांग, मी नाव सांगेन आणि टकटक करेन. तुझी व्याख्या पक्की होईल, माझी मोजणी होईल. मी चकित झाले. इतक्या मोठ्या बाईने माझ्या एका कार्डासाठी रोजच्या दुपारी द्यायच्या म्हणजे कमालच. मी लगेच हो म्हटलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज शाळेत गेल्यासारखं वाटलं. मी भिंगाला डोळा लावला आणि म्हणाले, अय्या, किती गोड, फुगवलेल्या उशीसारखं काहीतरी. वन्संनी झापलं. "कशासारखं आहे ते नको. काय आहे ते सांग. आकार, मग भोकं किती आणि कुठे, मग वरची नक्षी, मग माप."

क्षणभर राग आला, आणि मग हसूच आलं, कारण हेच वाक्य पूर्णविराम गेली कित्येक वर्षं आम्हाला ऐकवत आहेत. वस्तू समोर नसलेल्या माणसासाठी व्याख्या लिहायची असते, असं ते म्हणतात. मी कामाचा सूर लावला. गोल. गुळगुळीत. एकच भोक, भोकाभोवती बारीक कडं. "गवत," वन्सं म्हणाल्या आणि टकटक केलं. मधे पोट आणि दोन बाजूंना दोन फुगे. "पाइन." गोल, अंगभर आखूड काटे, तीन चिरा. "सूर्यफुलाच्या कुळातलं." मी सांगायचा अवकाश, की नाव हजर. एकदाही चाचपडल्या नाहीत, एकदाही पुस्तक उघडलं नाही. मी नुसती ऐकत राहिले. एवढी नावं डोक्यात घेऊन ही बाई बाजारात भाजीची पिशवी धरून चालते आणि कुणाला पत्ता नसतो.

उठताना मी भिंगाचा दिवा बंद केला. हे लिफ्ट दुरुस्त करतात आणि खुर्चीतून उठलं की दिवा बंद ही त्यांची शिस्त लग्नापासून माझ्या हाडात मुरली आहे. वन्सं म्हणाल्या, भाऊ माझा धन्य आहे.

काचपट्टीवरची चिठ्ठी मात्र मला वाचायला लावली. चष्मा विसरल्या म्हणे. चष्मा नाकावरच होता. विद्वान माणसं अशीच.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज शब्दाच्या उगमाचं काम केलं. जुन्या आवृत्तीत पॅलिनॉलॉजिस्ट हा 'पॉलन'पासून, म्हणजे लॅटिनपासून आल्याचं लिहिलं आहे. चूक आहे. शब्द बऱ्यापैकी तरुण आहे. १९४४ साली पराग मोजणाऱ्या मंडळींमध्ये फिरणाऱ्या एका परिपत्रकात दोन अभ्यासकांनी तो सुचवला. तोवर या शास्त्राला सुटसुटीत नाव नव्हतं. त्यांनी एक ग्रीक क्रियापद घेतलं, अर्थ शिंपडणे, भुरभुरवणे. त्याच घरचं एक ग्रीक नाम आहे, अर्थ बारीक पीठ किंवा धूळ. लॅटिन 'पॉलन'चाही मूळ अर्थ बारीक पीठच, आणि दोघं चुलत भावंडं असावीत असं जाणकार धरतात. म्हणजे जुन्या संपादकांनी अगदी परका बाप लावला नाही, काका लावला. शब्द सुचवणाऱ्यांनी असंही म्हटलं होतं की प-ल-न या अक्षरांनी परागाची आठवण येते, तरी थोडा फरक राहतो, आणि कानालाही बरं वाटतं. नाव ठेवताना कानाचा विचार करणारी माणसं मला आवडतात.

हे सगळं दुपारी वन्संना सांगितलं. दारावरच्या पाटीवर इतकी वर्षं हा शब्द आहे, पण तो कुठून आला हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. 'पीठ भुरभुरवणे' ऐकल्यावर त्या म्हणाल्या, आई लाटायला बसली की चिमटीने पीठ भुरभुरवायची, मी तिच्या समोर बसायचे, उन्हात ते पीठ दिसायचं. माझ्या सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. आज थोड्या पाहिल्या.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

चहा वन्संनी केला. कप भरला तरी किटली तिरकीच, बशी भरली, मग टेबल. मी हसून म्हणाले, लक्ष कुठे आहे? त्या म्हणाल्या, गाळात. मी ती गोष्ट घरी ह्यांना रंगवून सांगितली. हे हसले नाहीत. म्हणाले, मागे आली होती तेव्हा मी पेपर पुढे केला तर म्हणाली, तूच वाचून दाखव. मी म्हटलं, मोठी बहीण आहे, तिला मान हवा असतो. हे नुसते उठले आणि दिवा बंद केला.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

मधले दिवस लिहिलं नाही, कारण रोज तेच. मी सांगते, त्या ओळखतात. पण 'तेच' म्हणवत नाही. मला आता भिंगाखाली गर्दी दिसत नाही, माणसं दिसतात. मी अर्धं वाक्य बोलले की वन्संना कळतं, आणि त्यांनी 'हं' केलं की मला कळतं की माझं वाक्य ढिलं झालं. आज एकदा मी 'भोकं तीन' म्हणाले आणि त्या म्हणाल्या, नीट बघ, चौथं खाली लपलेलं असेल, कण फिरवून बघ. काचेवर टाचणीच्या टोकाने हलकं दाबलं, कण लोळला, चौथं भोक होतं. टेबलापलीकडे बसून त्यांनी ते ओळखलं! मी घरी ह्यांना सांगितलं की तुमच्या बहिणीसारखी बाई मी पाहिली नाही. हे म्हणाले, बाजारातला तोरा गेला का? मी म्हटलं, अशा माणसाला थोडा तोरा शोभतो.

कार्यालयात व्याख्येला पुन्हा पट्टी लावली. 'तळ्याच्या गाळातील परागकण सूक्ष्मदर्शकातून पाहून, पूर्वी तेथे काय उगवत होते ते सांगणारा.' दोघांना माणूस कळला. हिशेबनीस मात्र म्हणाले, तळं नसलं तर हा उपाशी मरतो का? कार्ड परत आलं. बरोबरच आहे त्यांचं.

शुक्रवार, ६ मार्च

तळाच्या थरांना हात घातला आहे. आज एक कण दिसला. गोल, गुळगुळीत, एकच भोक, भोकाभोवती कडं. मी गवत म्हणणार होते, पण माप घेतलं तर नेहमीच्या गवताच्या दुप्पट, आणि कडं जाड, स्पष्ट, उठून दिसणारं. सांगितलं. टकटक झालं नाही.

वन्संनी पुन्हा सांगायला लावलं. कड्याची जाडी किती, कडेची रेष तीक्ष्ण की पुसट, कवच फाटून पसरलंय का. मी शक्य तितकं कोरडं सांगितलं. मग त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, की हे पेरलेलं धान्य असावं, आणि या थरात ते असायला नको. हा थर फार जुना आहे. याच्यापेक्षा खूप वरच्या थरापासून शेती सुरू झाली असं सगळे धरून चालले आहेत, त्यांनी स्वतःही तसंच छापलं आहे.

त्याच पट्टीवर पुढे असे आणखी कण मिळाले. तितक्या वर्षांपूर्वी कुणीतरी तळ्याकाठी मूठभर दाणे फेकले, आणि आज ते मला दिसले. मला!

मंगळवार, १० मार्च

आजचं कसं लिहू कळत नाही, पण लिहिते.

खालच्या दुसऱ्या थरातही तो मोठा कण मिळाला, फारच सुरेख, अजिबात न फाटलेला. मी म्हणाले, वन्सं, हा तरी तुम्ही स्वतः बघाच, माझ्या शब्दावर एवढी मोठी गोष्ट कशी ठरवता? त्या नको म्हणाल्या. मी उठले, खुर्ची पुढे केली आणि आग्रह धरला. त्या बसल्या, भिंगाला डोळा लावला, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, तसाच आहे. कडं चांगलं जाड आहे."

भिंगाचा दिवा बंद होता. खुर्चीतून उठताना मी सवयीने बंद केला होता.

मी दिव्याच्या बटणाकडे बघत उभी राहिले. बाजार, दारातलं 'कोण?', नाकावरचा चष्मा, बशीतला चहा, पेपर, सगळं एकामागून एक पुढे आलं आणि माझी मलाच लाज वाटली. शब्दांचे अर्थ लावायचे पैसे घेते मी.

शेवटी हात पुढे करून दिवा लावला. बटण खटकन वाजलं. वन्संनी तो आवाज ओळखला. त्या सावकाश मागे टेकल्या.

"मधलं गेलंय," त्या म्हणाल्या. "वर्ष होऊन गेलं. कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड नाही. तोंड ऐकू येतं, तेवढं पुरे."

मला रडू आलं आणि हसूही आलं. मी विचारलं, इलाज? होता तेवढा झाला, आता परत येणार नाही. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. सांगितलं असतं तर नळ्या तेव्हाच कोठारात गेल्या असत्या. म्हणजे माझ्या कार्डासाठी त्या मला वेळ देत नव्हत्या, मी त्यांना देत होते, आणि मी मात्र घरीदारी त्यांचे उपकार सांगत फिरत होते.

मी चिडायला हवं होतं. चिडले नाही. ओळखीचं माणूस तोंडाने ओळखता येत नाही, आणि हजारो वर्षांपूर्वीचं फूल दुसऱ्याच्या नुसत्या बोलण्यावरून ओळखता येतं, अशा बाईवर काय चिडायचं?

बुधवार, ११ मार्च

पण एका गोष्टीवर भांडले. चांगलीच भांडले.

मी म्हणाले, हे असं छापायचं नाही. वन्सं म्हणाल्या, आता सांगितलं तर लोक म्हणतील म्हातारीला दिसत नव्हतं आणि हवं ते दिसलं. मी म्हणाले, नंतर कळलं तर याहून वाईट म्हणतील, आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही या खोलीत नसाल. त्या म्हणाल्या, तुला काय कळतं यातलं. मी म्हणाले, परागातलं नाही कळत, पण स्वतःची व्याख्या स्वतः पास करायची नाही एवढं कळतं. मग त्यांना आमची पट्टी समजावून सांगितली. तुमच्या प्रमुखांना याच काचपट्ट्या द्या, चिठ्ठ्यांवर कागद चिकटवून, कुठल्या थराच्या आहेत ते न सांगता. त्यांनी त्यांच्या डोळ्यांनी मोजावं.

विभागप्रमुख हा एके काळी वन्संचाच विद्यार्थी. त्या त्याला 'गोगलगाय' म्हणतात, इतकं सावकाश मोजतो. त्याच्यापुढे जाऊन हे कबूल करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मोजणी जुळली नाही तर? ते त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. मोजणी जुळली नाही तर तळाचे थर बाद, आणि मग सगळे विचारणार, वरचे किती बाद?

मी शब्दाकडे वळले, मला दुसरं काही येतच नाही. म्हटलं, तुमच्या शब्दाचा मागचा भाग सांगायचा राहिला होता. तोही ग्रीक. त्याच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ आधी वेचणे, मग मोजणे आणि मग सांगणे. शिंपडलेलं वेचून, मोजून, सांगणारा. "सगळा शब्द उलटापालटा करून पाहिला, वन्सं. त्यात डोळे कुठेच नाहीत."

त्या उठल्या, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, चल, गोगलगाईकडे पोचव मला.

शनिवार, १४ मार्च

मी बाहेर बाकावर बसले होते, त्यामुळे आत काय झालं ते वन्संनी सांगितलं तेवढंच. प्रमुखाने सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं की बाई, मला आधी का नाही सांगितलं? वन्संना त्याचंच सगळ्यात जास्त लागलं. त्याने झाकलेल्या पट्ट्या घेतल्या आणि सांगितलं की मला वेळ लागेल.

आम्ही उरलेले थर मोजत आहोत. दिवा चालूच असतो. घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मला वाटलंच होतं. मग का बोलला नाहीत? ती बोलेपर्यंत मी कसा बोलणार, म्हणाले. ही भावंडं आहेत तरी कशाची बनलेली? काल हे बहिणीकडे जाऊन पेपर वाचून दाखवून आले, अगदी जाहिरातींसकट.

मंगळवार, २४ मार्च

अजून उत्तर नाही. शेवटचा थर संपला. वन्संनी शेवटचं टकटक केलं आणि यंत्र बाजूला सरकवलं. एरवी अशा वेळी माणूस काहीतरी बोलतं. त्या फक्त म्हणाल्या, दिवा बंद कर. मी प्रथमच विसरले होते.

मला झोप नीट लागत नाही. माझं एखादं वाक्य ढिलं झालं असेल तर? मी 'जाड' म्हटलं आणि ते नुसतं 'बरंच' असेल तर? कोशात चूक झाली तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. यांना पुढची आवृत्ती नाही.

शुक्रवार, २७ मार्च

प्रमुख स्वतः खोलीत आला. खरंच सावकाश माणूस आहे, खुर्ची ओढायलाही वेळ घेतो. त्याने काचपट्ट्यांच्या चिठ्ठ्यांवरचे कागद आमच्यासमोर सोडवले आणि आकडे वाचले. गवत, पाइन, नेचे, एकामागून एक. आमच्या आकड्यांच्या इतके जवळ होते की मी ऐकता ऐकता वन्संचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

शेवटी तो मोठ्या कणांकडे आला. त्यालाही मिळाले होते. दोन्ही थरांत. "धान्यच आहे, बाई," तो म्हणाला. "मी तीनदा पाहिलं. मला खोटं ठरवायचं होतं ते, नाही जमलं."

वन्संनी काय करावं? त्याला विचारलं की तीनदा का, दोनदा पुरेसं नव्हतं का. तो हसला आणि त्याचे डोळे भरून आले, ते त्यांना दिसलं नाही, म्हणून मी सांगितलं. आकार, जागा, माप, सगळं कोरडं सांगितलं. त्या म्हणाल्या, गोगलगाईच्या डोळ्यांचं मला माहीत आहे, तो पहिल्या दिवशीही रडला होता.

अहवालात सगळं जसं झालं तसं लिहायचं ठरलं. ओळख वन्संची, फेरतपासणी प्रमुखाची. माझंही नाव घालतात म्हणे. माझ्या नावापुढे काय लिहायचं यावर त्यांचा बराच खल झाला. मदत, निरीक्षण असे शब्द आले. शेवटी वन्संनी सांगितलं, 'वर्णन' लिहा.

मंगळवार, ३१ मार्च

वन्संचा आज शेवटचा दिवस. निरोप समारंभ त्यांनी सकाळीच आटोपायला लावला आणि दुपारी चहाला मी त्यांना आमच्या कार्यालयात घेऊन आले. कारण पूर्णविरामांनी कार्ड आजच मागितलं होतं, आणि ऐकायला तिघं नवी हवी होती.

एक होता पंखा दुरुस्त करायला आलेला इलेक्ट्रिशियन, दुसरी हिशेबनिसांची सून, तिसऱ्या वन्सं. मी कार्डावर पट्टी ठेवली आणि वाचलं. 'वाऱ्यापाण्याने विखुरलेले पराग व बीजाणू वेचून, ओळखून आणि मोजून, त्यांवरून एखाद्या ठिकाणी कधी काय उगवत होते ते सांगणारा तज्ज्ञ.'

सून म्हणाली, जुन्या काळची फुलं शोधणारं कुणीतरी. इलेक्ट्रिशियन म्हणाला, नाव माहीत नाही, पण धुळीतून शेताचा पत्ता काढतो तो माणूस. पूर्णविरामांनी मान हलवली. बाइंडर कोपऱ्यातून म्हणाला की हा काही रिकामटेकडा वाटत नाही. राहिल्या वन्सं.

"आधी यात 'पाहून' होतं ना?" त्यांनी विचारलं.

"होतं," मी म्हणाले. "काढलं."

त्यांनी मान थोडी तिरकी केली. हल्ली करतात तशी, म्हणजे मधलं चुकवून कडेने माझं तोंड बघता येईल अशी. मी हलले नाही. बराच वेळ त्या तशाच बघत राहिल्या.

"ओळखलं," त्या म्हणाल्या.

पूर्णविरामांनी कार्डावर सही केली आणि चहा सांगितला.